नव्या पेनाची परीक्षा मराठीतच घ्या

स्टेशनरीच्या दुकानात पेन घेणारा माणूस काय करतो ते पाहा. काउंटरवरच्या पॅडवर तो आधी दोन-चार गोल गिरवतो, मग एक नागमोडी रेघ ओढतो आणि शेवटी झोकात स्वतःची सही ठोकतो. सही छान उमटली की पेन खिशात जातं. या तिन्ही गोष्टींचा रोजच्या लेखनाशी फारसा संबंध नसतो. गोल गिरवताना टोक कागदावरून उचललंच जात नाही, त्यामुळे शाईचा ओघ अखंड राहतो आणि सुमार पेनही शहाण्यासारखं वागतं. सही आपण आयुष्यभर करत आलेलो असतो, ती कशानेही केली तरी बरी येते. शिवाय दुकानातलं पॅड जाड असतं. खाली वीस-पंचवीस कागदांचा मऊ थर असला की टोक जरा रुततं आणि रेघ गडद दिसते. घरी आल्यावर टेबलाच्या कडक फळीवर वहीचं एकच पान ठेवून लिहायला बसलं की त्याच पेनाचे खरे गुण कळायला लागतात.

रोजच्या लेखनासाठी पेन पारखायचं तर ते आपल्या कागदावर, आपल्या वेगाने आणि मुख्य म्हणजे आपल्या लिपीत पारखावं लागतं. जगभरात पेनांची जी परीक्षणं होतात, त्यांतली बरीचशी रोमन अक्षरांवर बेतलेली असतात. देवनागरी लिहिणारा हात पेनाकडून वेगळ्याच गोष्टी मागतो.

टोक किती वेळा उठतं?

‘किंमत’ हा साधा शब्द लिहून पाहा. पहिल्या वेलांटीचा दंड, तिची वरची कमान, ‘क’चा दंड, त्याचं पोट आणि शेपूट, वरचा अनुस्वार, ‘म’ची गाठ, त्याचा दंड, ‘त’चा बाक, त्याचा दंड आणि शेवटी शिरोरेघ. ज्याच्या त्याच्या सवयीप्रमाणे यातला एखादा टप्पा दुसऱ्याला जोडला जातो. तरी टोक आठ-दहा वेळा कागदावरून उठतं आणि पुन्हा टेकतं. इंग्रजीतला ‘प्राइस’ जोडून लिहिला तर टोक ‘आय’वरचा ठिपका द्यायला काय ते उठणार. म्हणजे मराठी पान लिहिताना पेनाला शेकडो वेळा नव्याने सुरुवात करावी लागते.

ही सुरुवात कशी होते, ही आपली पहिली कसोटी. काही पेनं टेकल्याबरोबर लिहीत नाहीत, अर्धा-एक मिलिमीटर सरकल्यावर त्यांना शाई सुटते. लांब, जोडलेल्या रेघेत हा दोष झाकून जातो. देवनागरीत मात्र मात्रा बुटकी दिसते, दंड शिरोरेघेपर्यंत पोचत नाही, रफार अर्धाच उमटतो.

दुसरी कसोटी अनुस्वाराची. अनुस्वार म्हणजे टोक टेकवून उचलणं, सरकवणं नाही. बॉलपेनातली गोळी फिरल्याशिवाय शाई देत नाही, त्यामुळे नुसतं टेकवलेलं टोक फिकट ठिपका देतं किंवा काहीच देत नाही. फार ओल्या पेनाने तोच ठिपका पसरून मात्रेला चिकटतो. ‘मंद’ आणि ‘मद’ यांत फरक तेवढ्या एका ठिपक्याचाच आहे, तेव्हा तो नीट उमटायलाच हवा.

तिसरी कसोटी जोडाक्षरांची. ‘ष्ठ’, ‘क्ष’, ‘द्ध’, ‘च्छ’ यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा लहान असतात. रेघ जाड झाली की त्या बुजतात आणि ‘घ’-‘ध’, ‘भ’-‘म’ ओळखू येईनासे होतात. पेनावर छापलेला ०.५ किंवा ०.७ हा आकडा गोळीचा व्यास सांगतो, रेघेची जाडी नव्हे. रेघ त्याहून बारीक येते. ०.५ मिलिमीटर गोळीच्या जेल पेनाची रेघ साधारण ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते, कागद शाई किती पितो त्यावर ती थोडी कमी-जास्त होते. ज्याचं अक्षर बारीक आणि दाट आहे त्याने १.० मिलिमीटरच्या टोकाच्या वाटेला न गेलेलं बरं. ज्याचं अक्षर टपोरं आहे त्याला मात्र ०.५ चं टोक कोरडं आणि कागद खरवडणारं वाटू शकतं.

चौथी कसोटी शिरोरेघेची. आपल्यापैकी बहुतेक जण शब्द लिहून झाल्यावर डावीकडे परत येतात आणि वरून रेघ ओढतात. म्हणजे नुकत्याच लिहिलेल्या, अजून ओल्या असलेल्या दंडांच्या माथ्यांवरून टोक पुन्हा फिरतं. शाई सावकाश वाळणारी असेल तर प्रत्येक माथ्याशी एक बारीकसा फराटा उमटतो. मोडी लिहिणाऱ्यांना हा प्रश्न नव्हता. ते ओळभर शिरोरेघ आधीच ओढून घेत आणि बोरू शक्य तितका कमी उचलत अक्षरं तिच्याखाली लिहीत जात. बाळबोध लिहिणाऱ्याला मात्र लवकर वाळणारी शाई हवीच. डावखुऱ्यांना तर ती दुप्पट हवी, कारण त्यांचा तळवा ताज्या ओळीवरूनच सरकत असतो.

या चारही कसोट्या एका वाक्यात बसतात. हे वाक्य तुमच्या नेहमीच्या वेगाने चार-पाच वेळा लिहून काढा: ‘इच्छुक विद्यार्थ्यांनी शुद्ध, सुस्पष्ट अक्षरांत अर्ज लिहून ज्येष्ठ लिपिकांकडे वेळेवर द्यावेत.’ आता पान डोळ्यांजवळ धरा. अनुस्वार सगळे आले आहेत का? ‘ष्ठ’चं पोट उघडं आहे का? शिरोरेघ सलग आहे की मधे मधे तुटली आहे? दुकानातली सही यातलं काहीच सांगत नाही.

बॉलपेन: घट्ट शाई, फिरती गोळी

पेन असं का वागतं हे कळण्यासाठी त्याच्या पोटात डोकवायला हवं.

गोळीच्या पेनाची कल्पना जुनी आहे. जॉन लाउड या अमेरिकन माणसाने कातड्यावर खुणा करण्यासाठी असं पेन तयार करून १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. कागदावर ते नीट चालत नव्हतं. शाई पातळ असली तर गळायची, घट्ट असली तर अडकायची. तिढा सोडवला लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने. वर्तमानपत्राची छपाईची शाई पटकन वाळते आणि पसरत नाही, हे त्याने पाहिलेलं होतं. पण ती निबेतून उतरेना. भाऊ ग्यॉर्गी रसायनांतला जाणकार होता. त्याच्या मदतीने बिरोने तेलावर आधारलेली घट्ट शाई आणि खोबणीत फिरणारी गोळी यांची जोडी जमवली. १९३८ साली पेटंट घेतलं. युद्धाच्या धामधुमीत दोघे भाऊ अर्जेंटिनाला गेले आणि तिथे १९४३ मध्ये सुधारित पेनाचं पेटंट घेतलं. उंचावर शाईची पेनं गळत असल्यामुळे ब्रिटनच्या हवाई दलाला ही पेनं हवीच होती.

ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या गिंबल्स या दुकानात रेनॉल्ड्सचं बॉलपेन साडेबारा डॉलरला विकायला आलं तेव्हा लोकांची झुंबड उडाली. पुढे फ्रान्सच्या मार्सेल बिक यांनी १९५० साली षटकोनी, पारदर्शक ‘क्रिस्टल’ बाजारात आणलं आणि बॉलपेन कोणालाही परवडणारी वस्तू झाली.

आजही बॉलपेनाचं काम याच तत्त्वावर चालतं. बहुतेक गोळ्या टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाच्या असतात. गोळी फिरते, मागची शाई पुढे आणते आणि कागदाला लावते. वळण घेताना थोडी शाई खोबणीच्या काठावर साचते आणि सरळ रेघ सुरू झाली की एकदम कागदावर उतरते. हीच ती गुठळी. ‘ळ’, ‘छ’, ‘इ’, ‘ठ’ अशी गोलाकार अक्षरं ओळीने लिहिली की बॉलपेनाचा हा दोष लगेच बाहेर येतो. थंडीत शाई आणखी घट्ट होते, म्हणून सकाळी सकाळी अडलेली रिफिल लोक तळहातांत घोळवतात. उपाय बरोबर आहे, उबेने शाई पातळ होते. काडी पेटवून टोक तापवणं मात्र टाळावं. त्याने खोबणीचं नुकसान होऊ शकतं.

घट्ट शाईची किंमत बोटं मोजतात, कारण ती उतरवायला दाब द्यावा लागतो. मात्र कार्बन लावून पावत्या करायच्या असतील किंवा तीन प्रतींचा फॉर्म भरायचा असेल तर हाच दाब उपयोगी पडतो. गेल्या वीसेक वर्षांत पातळ तेलाची शाई असलेली बॉलपेनं आली आहेत. त्यांना दाब कमी लागतो आणि वाळण्याचा वेग बॉलपेनाचाच राहतो. मराठी लिहिणाऱ्यांसाठी हा चांगला मधला मार्ग आहे.

जेल पेन: थांबली की घट्ट, फिरली की पातळ

जपानच्या साकुरा कंपनीने १९८४ मध्ये जेल शाईचं पेन बाजारात आणलं. या शाईत पाणी असतं, रंगद्रव्य असतं आणि तिला घट्ट ठेवणारा झँथन गमसारखा पदार्थ असतो. टोमॅटो सॉसची बाटली उलटी केली तर सॉस हलत नाही, हिसका दिला की भसकन येतो. जेल शाई तशीच आहे. गोळी थांबली की शाई घट्ट, गोळी फिरली की त्या घुसळणीने पातळ. म्हणूनच जेल पेन दाबावं लागत नाही, रेघ गडद आणि सारखी येते आणि अनुस्वारही सहसा चुकत नाही.

उणिवा दोन. शाई जास्त लागते, त्यामुळे रिफिल लवकर संपते. आणि ती वाळायला वेळ घेते. गुळगुळीत कागदावर शिरोरेघेचे फराटे हमखास दिसतात ते जेलचेच. वाक्य लिहून झाल्यावर मनात पाच मोजा, शेवटच्या शब्दावरून बोट फिरवा. डाग पडला तर ते पेन घाईच्या कामाचं नाही.

जेलच्या रिफिलमध्ये शाईच्या मागे जो पारदर्शक चिकट थर दिसतो तो दोष नव्हे. मागच्या बाजूने शाई वाळू नये म्हणून तो घातलेला असतो आणि शाईबरोबर तो पुढे सरकत येतो. नव्या पेनाच्या टोकावर मेणाचा किंवा प्लास्टिकचा इवलासा मणी असला तर तो आधी काढा. पेन टोकावर पडलं तर मात्र आशा सोडा. गोळीची खोबणी इतकी नेमकी बनवलेली असते की जराशी चेपली तरी शाई अडते किंवा गळते.

शाईचं पेन: दाब सोडा

चौथी-पाचवीत पेन्सिल सुटून हातात शाईचं पेन आलं, बोटं निळी झाली, ही आठवण महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांची आहे. शाईही घरचीच होती. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली, पुढे ‘कॅमल’ शाई आली आणि त्या उद्योगाचं कॅमलिन झालं.

शाईच्या पेनात गोळी नसते, पंप नसतो. निबेच्या चिरेतून आणि तिच्याखालच्या जिभेच्या बारीक खाचांमधून शाई केशाकर्षणाने पुढे येते आणि जेवढी शाई बाहेर पडते तेवढी हवा आत जाते. हवा आणि शाई यांची ही देवाणघेवाण नीट जमवणारी जीभ लुइस वॉटरमन यांनी न्यूयॉर्कमध्ये तयार केली आणि १८८४ साली तिचं पेटंट मिळवलं. निब कागदाला टेकली की कागदच शाई ओढून घेतो. म्हणून या पेनाला दाब लागतच नाही. बॉलपेनाची सवय असलेला हात निब दाबतो, तिची दोन टोकं फाकतात आणि मग पेन खरखरतं, शाई तुटते. दोष पेनाला दिला जातो.

नवं शाईचं पेन पहिल्या दिवशी अडलं तर लगेच परत करू नका. कारखान्यातले तेलकट अवशेष निबेला आणि जिभेला राहिलेले असू शकतात. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून निब धुवा, साध्या पाण्याने खळबळून घ्या, वाळू द्या आणि मग शाई भरा. निब हाताला बसते असं आपण म्हणतो. पहिल्या काही आठवड्यांत जो फरक जाणवतो त्यात निबेच्या झिजेचा वाटा फार थोडा असतो. टोकावरचा धातू भलताच कठीण असतो. पेन धुऊन निघतं आणि आपला हात दाब सोडायला शिकतो, बदल मुख्यतः तो असतो.

निब घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. जपानी पेनांची ‘फाइन’ निब युरोपीय ‘फाइन’पेक्षा साधारणतः बारीक असते. जपानी लिपीतल्या गिचमिड चित्राक्षरांसाठी तशी निब लागते. आपल्या जोडाक्षरांनाही तीच सोयीची पडते.

कागद आणि हात

पेनाचे निम्मे दोष कागदाचे असतात. कागद बनवताना त्यावर खळीसारखं द्रव्य चढवतात, त्यामुळे शाई वर थांबते. ते कमी असेल तर अक्षराच्या कडांना तंतू फुटतात. ते अजिबात नसेल तर तो टीपकागदच. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कागद हवेतला ओलावा पितो आणि जानेवारीत नीट चालणारं पेन जुलैत पसरायला लागतं. म्हणून परीक्षा ज्या वहीत रोज लिहायचं आहे त्याच वहीत घ्या आणि पान उलटून पाहा. मागच्या बाजूला शाई दिसते का? दिसत असेल तर वहीची एकच बाजू वापरता येणार, हे पेन घेण्याआधीच कळलेलं बरं.

पान उलटलंच आहे तर त्यावरून बोटं फिरवा. अक्षरांचे उंचवटे हाताला लागतात का? लागत असतील तर तुम्ही दाबून लिहिता. असा हात सतत जेल वापरेल तर दाब कमी होईल, पण पहिले काही दिवस अक्षर सैरावैरा धावेल. पेनाची पकड फार बारीक असली की बोटं आवळली जातात. टोपण मागे लावल्यावर पेन पाठीमागे ओढत असेल तर ते काढून लिहा. हात दुखतो की नाही हे एका ओळीत समजत नाही, निदान एक पान सलग लिहावं लागतं. दहावी-बारावीच्या मुलांनी तर तीन तासांच्या पेपरला कोरं पेन नेऊच नये. सराव परीक्षेत जे पेन शेवटच्या प्रश्नापर्यंत हाताला साथ देतं, तेच मुख्य परीक्षेला न्यावं.

लिहिलेलं टिकेल का?

रोजच्या लेखनात चेक, अर्ज आणि करारही येतात. तेव्हा वाळलेल्या ओळीवर एक थेंब पाण्याचा आणि दुसऱ्या ओळीवर एक थेंब सॅनिटायझरचा टाकून पाहा. शाईच्या पेनाची धुता येणारी निळी शाई पाण्यातच विरघळते. बॉलपेन पाण्याला दाद देत नाही, पण अल्कोहोलने पसरतं. रंगकणांची जेल शाई सहसा दोन्हींत टिकते, कारण तिचे कण कागदाच्या तंतूंत अडकून बसतात. चेकवरची रक्कम रसायनाने पुसून नवी लिहिण्याची लबाडी जुनी आहे, तिच्यापुढे हीच शाई भरवशाची. चेकसाठी अमुकच रंगाची शाई हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, पण चेकची आता प्रतिमा काढली जात असल्यामुळे गडद शाई वापरावी हे उत्तम.

घासून खोडता येणाऱ्या शाईचं पेन मात्र अशा कामांना चुकूनही वापरू नये. पायलटच्या फ्रिक्शनसारख्या पेनांची शाई खोडरबराने नव्हे, घर्षणाच्या उष्णतेने दिसेनाशी होते. सुमारे ६० अंश सेल्सियसला ती जाते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर एवढं तापमान सहज होतं, तिथे ठेवलेला कागद कोरा होऊ शकतो.

निकाल

सर्वांना चालेल असं एक पेन नाही, पण कामानुसार निवड सोपी आहे. भराभर आणि भरपूर लिहायचं असेल, शिरोरेघ शब्दागणिक ओढायची सवय असेल तर पातळ तेलाच्या शाईचं ०.७ चं बॉलपेन घ्या. बारीक अक्षर आणि जोडाक्षरांनी भरलेला मजकूर असेल तर ०.५ चं जेल. चेक आणि करारांना रंगकणांची काळी किंवा निळी जेल. कार्बनच्या पावत्यांना साधं बॉलपेन. अक्षर सुधारायचं मनात असेल आणि घाई नसेल तर बारीक निबेचं शाईचं पेन, कारण दाबाची खोड ते मोडतं.

पेन आवडलं तरी डझनाचा बॉक्स लगेच घेऊ नका. एकच घ्या, आपल्या वहीत आपल्या मराठीचं एक पान भरा, पान उलटून पाहा, थेंब टाकून पाहा. त्यातून ते पेन पास झालं तर मग बॉक्स घ्यायला हरकत नाही.